दुपारची न्हाणी

द्वारकाबाईचं दुसरं लग्न झालं तेव्हा तिला छप्पन्नावं लागलं होतं. देवगाव रंगारीत लोकांनी पंधरा दिवस ती गोष्ट चघळली, मग कापूस वेचणीला आला आणि सगळे आपापल्या कामाला लागले. पहिला नवरा ती चोविशीत असतानाच गेला होता. मूलबाळ नव्हतं. पुढची बत्तीस वर्षं तिनं भावाच्या, काकासाहेबांच्या घरी काढली. पहाटे चूल, दिवसभर रान, संध्याकाळी पुन्हा चूल. तिला कुणी टाकून बोललं नाही. पण पुतण्यांची लग्नं झाली, घर भरलं, आणि आपलं अंथरूण दरवर्षी हातभर दाराकडं सरकतंय हे तिच्या ध्यानात आलं. म्हणून काकासाहेबांनी वाळूजचं स्थळ आणलं तेव्हा तिनं उगीच आढेवेढे घेतले नाहीत. माणूस तर बघू द्या, एवढंच म्हणाली.

माणूस बरा होता. पुंजाराम त्याचं नाव. वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीनवर उभा राहून तो नुकताच रिटायर झाला होता. त्याची बायको आवडाबाई चार वर्षांपूर्वी गर्भपिशवीच्या आजारानं वारली होती. एकुलती एक मुलगी मथुरा, ती जालन्याला दिलेली. बाप एकटाच भात शिजवून खातो हे तिला बघवेना, म्हणून तिनंच बापाच्या मागं लागून हे लग्न जुळवून आणलं होतं. कामगार वसाहतीत स्वतःचं घर होतं: बाहेरची खोली, आतली खोली, ओटा आणि मागं पत्र्याच्या दाराची न्हाणी.

पुंजाराम कमी बोलायचा, पण त्याचं लक्ष असायचं. बाजारातून पेरू आणले की चार फोडी करून, त्याला मीठ-मिरची लावून आधी तिच्यापुढं ठेवायचा. असं कुणी आपल्यापुढं काही ठेवलेलं तिला आठवत नव्हतं. आणि ज्या गोष्टीचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं ती ही, की तो तिला हवासा वाटत होता. बत्तीस वर्षं निजलेलं काहीतरी तिच्या अंगात जागं झालं होतं. तो पाठमोरा दाढी करत बसला की ती ओट्याशी उभी राहून त्याच्या मानेकडं बघत राहायची.

पण शरीर तिला साथ देईना. पाळी जाऊन सात वर्षं झाली होती. गेली तेव्हा, एक कटकट मिटली, एवढंच तिला वाटलं होतं. तिच्याबरोबर आणखी काय काय जातं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुंजाराम आडदांड नव्हता, उलट भीत भीत जवळ आला होता. तरी सोललेल्या कातडीवर गोणपाट घासावं तशी आग झाली. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि हूं का चूं केलं नाही. दुसऱ्या वेळेला तसंच, तिसऱ्या वेळेला तसंच. तिचं अंग लाकडासारखं ताठ झालेलं त्याला कळलं असावं. चौथ्या दिवशी त्यानं आपली गादी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. पंखा तिकडं बरा लागतो, म्हणाला. थंडीचे दिवस होते. कुणाच्याच घरात पंखा चालू नव्हता.

यांना पस्तावा झाला, असं द्वारकाबाईनं धरलं. दोन महिने ती ते मनात घेऊन वावरली. शेवटी एका दुपारी शेजारच्या सरूबाईबरोबर मेथी निवडता निवडता तिनं खाली बघत अर्धंमुर्धं सांगितलं. सरूबाई पन्नाशी ओलांडलेली, तोंडाळ म्हणून सगळ्या गल्लीला माहीत. ती हसेल असं वाटलं होतं. सरूबाई हसली नाही. पाळी गेली की बाई आतनं कोरडी पडते, सगळ्यांचंच होतं, फक्त बोलत कुणी नाय, असं म्हणाली. मग शहरात बेगमपुऱ्यात एक भागूबाई म्हणून जुनी बाई आहे, ती अशा गोष्टींवर झाडपाला देते, तिच्याकडं जा, आणि दिवसाढवळ्या जा, म्हणजे कुणाला काही वाटायचं नाही, असंही तिनं सांगितलं.

द्वारकाबाई सिटी बसनं क्रांती चौकात उतरली, तिथून रिक्षानं बेगमपुऱ्यात गेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण भागूबाईच्या घरात पाऊल ठेवल्यावर विहिरीत उतरल्यासारखा गारवा होता. आढ्याला मुळ्यांच्या आणि सालींच्या जुड्या उलट्या टांगल्या होत्या. त्यांच्या खाली एक वाळलेली म्हातारी पाय पसरून शतावरी सोलत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा पांढरा सारा आला होता. बोटं मात्र बघत असल्यासारखी चालत होती.

म्हातारीनं तिला बसवलं, मनगट हातात घेतलं आणि विचारायला लागली. पाळी कधी गेली, अंगातून वाफा निघतात का, लघवीला जळजळ होते का, नवरा जवळ आला की कुठं दुखतं, दाराशी की आत. एवढं तपशिलानं द्वारकाबाईशी त्या विषयावर जन्मात कुणी बोललं नव्हतं. सांगता सांगता तिला रडू आलं. भागूबाईनं ते येऊ दिलं.

"रक्त दिसलं का कधी? पाळी गेल्यानंतर?"

"नाय."

"नीट आठव."

"नाय दिसलं."

"दिसलं तर माझ्याकडं यायचं नाय. थेंबभर दिसलं तरी सरळ घाटीच्या दवाखान्यात जायचं. त्याला माझ्याकडं औषध नाय."

मग ती भिंत चाचपत उठली आणि कोनाड्याच्या पार मागून एक चिनी मातीची बरणी काढली. तोंडाला बांधलेलं फडकं धुळीनं कडक झालं होतं. आत शतावरी आणि ज्येष्ठमध घालून कढवलेलं गाईचं तूप होतं, जुनं, पिवळसर तपकिरी पडलेलं. सरूनं धाडली का तुला, असं तिनं विचारलं. द्वारकाबाई हो म्हणाल्यावर ती बरणीवरून हात फिरवत राहिली. सरूनं मागं अशीच एक बाई आणली होती, तिच्यासाठी हे कढवलं होतं, ती ते इथंच ठेवून गेली, असं तिनं सांगितलं. तूप जुनं होईल तितकं गुणाला येतं, तेव्हा तूच घेऊन जा. रोज दुपारी अंघोळ करून आतून लावायचं, एकवीस दिवस, आणि तोवर नवऱ्याला लांब ठेवायचं.

ती बाई कोण होती हे द्वारकाबाईनं विचारलं नाही. बरणी पिशवीत घातली आणि बस धरली.

पहिले तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी पुंजाराम कटिंगला गेला होता. तिनं न्हाणीत अंघोळ केली, औषध लावलं, साडी नेसून आतल्या खोलीत येऊन पडली. डोळा लागतो न लागतो तोच मागून आवाज आला. चिरलेल्या बोटाला मीठ लागल्यावर माणूस दातांतून श्वास ओढतो तसा.

स्स्स्.

तिला वाटलं साप. काठी घेऊन उठली, न्हाणीचं दार ढकललं. आत काही नव्हतं. पण फरशी ओली होती. तिची अंघोळ होऊन तास झाला होता आणि त्या उन्हात पत्र्याखालची फरशी पाच मिनिटांत कोरडी व्हायची. पाण्याच्या टिपाडावरचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं होतं आणि तांब्यातून पाणी ठिबकत होतं.

मीच झाकायचं विसरले असेन, असं तिनं मनाशी ठरवलं. पण पाचव्या दिवशी आवाज आला आणि सातव्या दिवशीही आला. त्याची एक रीत असायची. आधी तो श्वास, मग थोडी शांतता, मग तांब्यानं पाणी घेतल्याचा आवाज आणि ते अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, अंगावर ओतल्याचा. पुन्हा श्वास. ती दार उघडायची तेव्हा आत कुणी नसायचं, नुसता गारठा असायचा. त्या गारठ्यात साबणाचा वास असायचा, आणि तो साबण त्या घरात कुणी वापरत नव्हतं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. नव्यानं आलेली बाई, तीही या वयात. असलं काही बोलली तर लोक काय म्हणतील. पाळी गेल्यावर कानात आवाज येतात असं कुणीतरी म्हणालेलं तिनं आठवून ठेवलं आणि त्यावर दिवस काढले.

तिचं शरीर मात्र सुधारत होतं. जळजळ थांबली. बसताना, चालताना जो एक बारीक काटा सारखा टोचायचा तो गेला. ओठ, हात, कातडी, सगळं तिला आपलं वाटायला लागलं. आणि तिच्या ध्यानात आलं की आपलं दुखणं जितकं उतरतंय तितका मागचा आवाज चढतोय. सुरुवातीला कान दिला तरच ऐकू यायचा, पंधराव्या दिवशी ओट्याशी भाकरी थापतानाही ऐकू आला. जणू तिच्या अंगातून निघालेलं दुखणं घरातून बाहेर न जाता मागच्या मागं कुणाच्या तरी अंगात भरत होतं.

बाविसाव्या दिवशी दुपारी पुंजाराम जेवून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. द्वारकाबाई दारात उभी राहिली आणि तिनं त्याला आत बोलावलं. काय काम आहे, असं त्यानं विचारलं. काम काही नाही, ती म्हणाली. त्यानं चष्मा काढून पेपरवर ठेवला.

त्या दुपारी तिला दुखलं नाही. पहिल्यांदा तर तिचा विश्वासच बसेना, अंग आपोआप आखडून वाट बघत राहिलं, मग हळूहळू सैल झालं. छप्पन्नाव्या वर्षी तिला कळत होतं की हे असंही असतं. तिनं डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं, आणि नेमक्या त्याच वेळी मागून आवाज आला.

स्स्स्.

पुंजाराम जागच्या जागी थिजला. तिला वाटलं, आपल्यालाच ऐकू आला. पण त्यानं मान न्हाणीकडं वळवली होती आणि त्याच्या हातावरचा केस न् केस उभा राहिला होता. पुन्हा तो श्वास आला, मग तांब्या टिपाडात बुडाला, मग पाणी. दोघं तसेच पडून राहिले. पाण्याचा आवाज बऱ्याच वेळानं थांबला.

"तुमाला बी ऐकू येतो?" तिनं विचारलं.

तो उठून बसला. धोतर सावरलं.

"आवडा हाय ती," तो म्हणाला. "ती आसंच करायची. जवळ घेतली की."

"मग?"

"मला वाटायचं, तिला बरं वाटतंय."

तोंडातल्या पदराच्या बोळ्याची चव द्वारकाबाईला जशीच्या तशी आठवली.

"बरं वाटत नव्हतं तिला," ती म्हणाली. "दुखत होतं. मला बी दुखत होतं तवा. मी पदर तोंडात धरत होते, म्हणून तुमाला ऐकू आलं नाय."

पुंजाराम आपली पँट हुडकल्यासारखा खोलीत इकडंतिकडं बघत राहिला, तो धोतर नेसला आहे हेही त्याला सुधरेना. मग चपला न घालताच बाहेर पडला आणि अंधार पडायच्या सुमारास परत आला. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाईनं त्याला औषधाचं सगळं सांगितलं, बरणी दाखवली. बरणी हातात घेऊन त्यानं नुसतं विचारलं की ती कुणासाठी केलेली होती. सरूबाईनं नेलेल्या कुणा बाईसाठी, एवढंच तिला ठाऊक होतं. मग दोघं बेगमपुऱ्यात गेले.

भागूबाई पुरुषांना आत घेत नसे. पुंजाराम उंबऱ्याबाहेर पायरीवर बसला. द्वारकाबाईनं आवडाबाईचं नाव घेतलं आणि ती वारली असं सांगितलं तेव्हा म्हातारीच्या हातातली मुळी तशीच राहिली. वारली, असं तिनं दोनदा म्हटलं. मग जे होतं ते सांगितलं. आवडा तिच्याकडं तीनदा आली होती. पहिल्या खेपेला हे दुखणं घेऊन आली. भागूबाईनं तूप कढवलं, पण एकवीस दिवस नवऱ्याला लांब ठेव म्हटल्यावर ती बिचकली. त्यांना असं कसं सांगू, म्हणाली, आणि बरणी तिथंच ठेवून गेली. दुसऱ्या खेपेला नुसतं बसून गेली. दुपारी गार पाणी घेतलं की जरा उतरतं, एवढं म्हणाली.

"तिसऱ्या वक्ताला आली तवा सांगितलं, रक्त दिसतंय म्हणून," भागूबाई म्हणाली. "मी म्हणलं, आता हितनं उठायचं आन् थेट घाटीत जायचं. तर म्हणाली, पोरीचं लगीन ठरलंय, तेवढं उरकलं की जाते."

मथुराचं लग्न थाटात झालं होतं. आवडाबाई सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होती. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी ती चक्कर येऊन पडली तेव्हा कुठं दवाखाना झाला, आणि तोवर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. हे पुंजारामला माहीत होतं. त्याच्या आधीचं त्याला काहीच माहीत नव्हतं.

"मी थांबलो आसतो की," पायरीवरून तो म्हणाला. "एकवीस दिवस काय, वरीसभर थांबलो आसतो."

भागूबाईनं पांढरे डोळे आवाजाच्या दिशेला वळवले. "ते तिला कुठं ठावं होतं, बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुंजारामनं न्हाणीच्या दारासमोर पाट मांडला आणि त्यावर बसला. द्वारकाबाईला त्यानं लांब राहायला सांगितलं. ती ओट्याशी उभी होती, तव्यावर भाकरी होती, आणि तिथून तिला त्याची पाठ आणि पत्र्याचं दार दिसत होतं. दाराला बाहेरून कडी होती. गल्लीत एक भंगारवाला ओरडत गेला, मग सगळं चिडीचूप झालं.

श्वास आला. दाराच्या अगदी आतल्या अंगाला.

पुंजारामचे खांदे वर-खाली होत होते.

"आवडे," तो म्हणाला. "दुखतं का?"

आत पाणी ओतायचं थांबलं. भाकरी करपायला लागली होती, पण द्वारकाबाईचा हात उठेना. इतका वेळ गेला की आता काही येणार नाही असं तिला वाटलं.

"व्हय," आतून कुणीतरी म्हणालं.

बाईचाच आवाज होता. दमलेला, आणि कुणीतरी विचारल्याचं नवल वाटल्यासारखा.

"कवापासनं?"

"सहा वर्सं झाली."

सहा वर्षं. तिच्या शेवटच्या सहा वर्षांत त्यांनी स्लॅब टाकला होता, स्कूटर घेतली होती, दोनदा तुळजापूरला जाऊन आले होते. तुळजापूरच्या फोटोत आवडाबाई हसत होती. पुंजाराम ते सगळं एकेक करून आठवत असावा, कारण मध्येच त्यानं दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं. दाराच्या फटीतून पाणी बाहेर यायला लागलं. ते पाटाभोवती पसरलं आणि त्याच्या पायांना लागलं. द्वारकाबाईच्या पावलांपर्यंत आलं तेव्हा बर्फासारखं गार होतं.

"माझं चुकलं," पुंजाराम म्हणाला. "मी इचारायला पायजे होतं. लई चुकलं माझं."

पाणी थोडा वेळ येत राहिलं, मग थांबलं. त्यानं कडी काढली. आत टिपाड काठोकाठ भरलेलं होतं, झाकण बसवलेलं होतं, तांब्या पालथा होता आणि फरशी कोरडी ठणठणीत. बाहेरचं पाणी त्यानं स्वतःच्या टॉवेलनं टिपून घेतलं. द्वारकाबाईला हात लावू दिला नाही.

त्यानंतर तो आवाज आला नाही. ती बरेच दिवस दुपारी कान देऊन पडायची. घाबरायची असं नाही. शेजारच्या घरातलं माणूस गावाला गेल्यावर भिंत जशी वाटते तशी ती न्हाणी तिला वाटायची. सरूबाईनं आग्रह केला म्हणून ती बायकांच्या डॉक्टरकडंही जाऊन आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं बरं आहे म्हणाल्या, या वयात असं होतंच, लाजायचं काही कारण नाही, असं सांगून एक मलम लिहून दिलं आणि वर्षातून एकदा यायला सांगितलं.

पुंजारामनं गादी परत आत आणली. आता तो दरवेळेला विचारतो, दुखतं का. ती नाही म्हणते, आणि ते खरं असतं. कधी नको म्हणते, तेव्हा तो पेरू नाहीतर टरबूज कापायला घेतो. पण विचारल्यानंतर तो लगेच हलत नाही. तिचं उत्तर आल्यावरही मान किंचित मागच्या दाराकडं कलती करून थोडा वेळ थांबतो, जणू उत्तर अजून एकीचं यायचं आहे. द्वारकाबाई तेवढा वेळ त्याला देते. तिलाही ते बरोबर वाटतं.

अखितीच्या सणाला मथुरा दोन्ही मुलांना घेऊन माहेरपणाला आली. एका दुपारी मुलं आणि त्यांचा आजा बाहेर गेल्यावर द्वारकाबाईनं तिला जवळ बसवलं. न्हाणीचं तिनं काही सांगितलं नाही. पण बाईचं वय झालं की शरीराचं काय काय होतं, कोरडं पडलं तर काय करायचं, पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं तर एक दिवससुद्धा का थांबायचं नाही, हे सगळं तिनं तिला सांगितलं, भागूबाईनं आपल्याला विचारलं होतं तसं, काही न झाकता. तुझी आई हे कुणाला सांगू शकली नाही म्हणून मी तुला सांगते, म्हणाली.

मथुरा तिशीची होती. आधी ती लाजली, मावशी काहीतरीच तुमचं, म्हणाली. मग साडीच्या काठाचा एक सुटलेला दोरा ती बोटाला गुंडाळत राहिली, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत.

"आन् मावशी," तिनं वर न बघता विचारलं, "आत्तापासनंच दुखत आसंल तर?"

द्वारकाबाईनं उठून पुढच्या दाराला कडी घातली आणि परत येऊन तिच्या अगदी जवळ बसली.